कोसंबींचं गणित: पुण्यात लिहिलेली तेरा पानं रडारपर्यंत कशी पोचली?

फोनने काढलेला फोटो चार-पाच एमबींचा असतो. तोच व्हॉट्सॲपवरून समोरच्याला पोचतो तेव्हा काहीशे केबींचा झालेला असतो, तरी चेहरा ओळखू येतो. दुसरीकडे, किनाऱ्यावरच्या रडारला समुद्राच्या प्रत्येक लाटेवरून प्रतिध्वनी येत असतो आणि त्या गोंधळातून त्याला लाकडाची एक छोटी होडी वेगळी काढायची असते. या दोन्ही कामांच्या मुळाशी गणितातली एकच कल्पना आहे. ती सुरुवातीला कागदावर मांडणाऱ्यांपैकी एक जण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांचं नाव तुम्ही ऐकलेलं असणार, पण बहुतेक इतिहासाच्या संदर्भात: दामोदर धर्मानंद कोसंबी.

मला हे कसं कळलं ते आधी सांगतो. मी मूळचा पेणचा, नोकरी पुण्यात. गेल्या वर्षी आमच्या टीमकडे एका रडार प्रकल्पाचा छोटा तुकडा आला. अँटेना एका कंपनीची, हार्डवेअर दुसरीचं, आलेल्या सिग्नलवर प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर तिसरीचं, आणि त्या तिसरीने त्यातला एक भाग आम्हाला दिलेला. मुदत सोळा आठवडे. आयता मिळालेला कोड वाचताना 'केएलटी' नावाचं फंक्शन दिसलं. के म्हणजे कारहुनेन, एल म्हणजे लोएव्ह, टी म्हणजे ट्रान्सफॉर्म. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी हे घोकलं होतं, समजलं नव्हतं. म्हणून पुन्हा वाचायला बसलो तर काही ठिकाणी या दोन नावांच्या आधी तिसरं नाव: कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह. मला वाटलं, दुसरे कुणीतरी कोसंबी असतील. पण नाही, हे तेच.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद कोसंबी म्हणजे घरदार सोडून बौद्ध धर्म शिकायला नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथा घालणारे पाली भाषेचे मोठे पंडित. हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथांच्या कामासाठी त्यांना बोलावणं आलं आणि १९१८ मध्ये त्यांच्याबरोबर अकरा वर्षांचा दामोदरही अमेरिकेला गेला. घरी त्याला बाबा म्हणत. शाळा केंब्रिज लॅटिन, पुढे हार्वर्ड. हे केंब्रिज इंग्लंडमधलं नाही, बॉस्टनच्या शेजारचं. याच गावात एमआयटीही आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिथे त्यांची ओळख नॉर्बर्ट वीनर यांच्याशी झाली. वीनर यांचे वडीलही हार्वर्डमध्येच शिकवायचे. नॉर्बर्ट स्वतः एमआयटीत गणिताचे प्राध्यापक. वयाने कोसंबींपेक्षा तेरा वर्षांनी मोठे, पण दोघांची मैत्री जमली. पुढे सिग्नल आणि नॉईज वेगळे करण्याच्या शास्त्रात वीनर यांचं नाव सगळ्यांत वर जाऊन बसलं. आज कुठल्याही इयरफोनच्या नॉईज कॅन्सलेशनचा अभ्यास सुरू केलात तरी 'वीनर फिल्टर' हा शब्द पहिल्या चार-पाच धड्यांत भेटतोच.

१९२९ मध्ये कोसंबी हार्वर्डमधून सर्वोच्च श्रेणीत पदवी घेऊन बाहेर पडले आणि भारतात परतले. पीएचडी त्यांनी केलीच नाही. आधी बनारस, मग अलीगढ. अलीगढला तेव्हा आंद्रे वेल नावाचा तरुण फ्रेंच गणिती विभागप्रमुख होता, त्याने कोसंबींना बोलावून घेतलं. तिथून पुण्यात फर्ग्युसनला. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळालं. भूमितीतलं त्यांचं त्या काळातलं काम आजही कोसंबी-कार्तान-चेर्न या नावाने शिकवलं जातं. तो विषय या लेखाबाहेरचा, म्हणून पुढे जातो.

आपल्याला हवी ती गोष्ट नाण्यांपासून सुरू होते.

कोसंबींना संख्याशास्त्र शिकायचं होतं. शिकवायला कोणी नव्हतं. तेव्हा स्वतःच एक प्रश्न घेऊन त्यावर हात बसवायचा असं त्यांनी ठरवलं. प्रश्न निवडला प्राचीन भारतातल्या चांदीच्या आहत नाण्यांचा, म्हणजे ठसे मारलेल्या नाण्यांचा. ही नाणी जमिनीत पुरलेल्या मडक्यांतून ढिगाने सापडतात. त्यांवर राजाचं नाव नसतं, साल नसतं. मग जुनी कोणती आणि नवी कोणती हे कसं ओळखायचं?

कोसंबींचं उत्तर होतं की नाणी तोला. टांकसाळीतून निघताना सगळी नाणी जवळजवळ एका वजनाची असतात, थोडा फरक असतोच. मग नाणं बाजारात फिरतं. प्रत्येक हातात, प्रत्येक कशात ते अगदी किंचित झिजतं. किती झिजेल ते सांगता येत नाही, कारण एखादं नाणं वर्षभर गाडग्यात पडून राहतं तर दुसरं दिवसाला दहा हात फिरतं. पण हजार नाणी घेतली तर दोन गोष्टी ठाम सांगता येतात. जितका जास्त काळ वापर, तितकं सरासरी वजन कमी आणि वजनांमधला पसारा जास्त. त्यांनी अशी हजारो नाणी एकेक करून तोलली. मागच्या बाजूचे छोटे छाप जितके जास्त तितकं नाणं हलकं, हेही आकड्यांतून पुढे आलं. म्हणजे ते छापसुद्धा काळाची खूण ठरले.

डेटा सायन्स शिकणाऱ्या कोणालाही हा माणूस आपला वाटेल. डेटासेट स्वतः गोळा केला, स्वतः स्वच्छ केला, आणि कॉम्प्युटर नाही. तराजू, वही, पेन्सिल एवढंच.

आता एक पाऊल पुढे जाऊ. (हा दुवा मी जोडतोय, समजायला सोपा पडतो म्हणून.) एका नाण्याचं वजन वर्षागणिक कसं घटलं याचा आलेख काढला तर एक रेघ मिळेल, वेडीवाकडी, हळूहळू खाली येणारी. दुसऱ्या नाण्याची रेघ वेगळी. हजार नाण्यांच्या हजार रेघा. आता एकेका आकड्याचं नाही, तर अख्ख्या रेघांच्या जुडग्याचं संख्याशास्त्र कसं करायचं? सरासरी रेघ म्हणजे काय, आणि एक रेघ दुसरीपेक्षा वेगळी 'किती' आणि 'कशी' आहे हे मोजायचं कसं? सिग्नल म्हणजे तरी दुसरं काय असतं? मायक्रोफोनमधला आवाज, रडारकडे परत आलेली लहर, ईसीजीची पट्टी, या सगळ्या काळाबरोबर हलणाऱ्या आणि नेमक्या कशा हलतील ते आधी न सांगता येणाऱ्या रेघाच असतात.

१९४३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये कोसंबींचा तेरा पानांचा पेपर आला, 'स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस'. त्यात या प्रश्नाचं उत्तर होतं.

समजून घेऊ, पण गणिताच्या चिन्हांशिवाय. त्यासाठी आमच्या पेणला चला.

पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात गणपतीचे कारखाने किती आहेत हे सांगायची गरज नाही. एका कारखान्यात एकाच साच्यातून काढलेल्या पाचशे मूर्ती वाळत ठेवल्या आहेत असं समजा. दिसायला सारख्या, पण हुबेहूब एक नाहीत. कुणाची सोंड जरा जास्त वळली, कुणाचं पोट वाळताना दबलं, कुणाचा मुकुट एक केसभर कलला. आता प्रत्येक मूर्तीवर हजार बिंदू ठरवा आणि प्रत्येकाची जागा मोजा. एका मूर्तीचे हजार आकडे, पाचशे मूर्तींचे पाच लाख आकडे. फोनमध्ये साठवायचे म्हटलं तर जागा खाणार.

पण नीट बघा. हे हजार आकडे एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. सोंड वळली तर सोंडेवरचे सगळे बिंदू एकत्र सरकतात, पोट दबलं तर पोटावरचे सगळे. म्हणजे फरक व्हायच्या 'तऱ्हा' हजार नाहीत, मोजक्याच आहेत. मग असं करा. आधी पाचशे मूर्तींची सरासरी मूर्ती काढा. मग कुठला बिंदू कुठल्या बिंदूबरोबर सरकतो याचा एक मोठा तक्ता करा. इंजिनिअरिंगवाले याला कोव्हेरियन्स म्हणतात. या तक्त्यातून सगळ्यांत मोठा फरक घडवणारी पहिली तऱ्हा शोधा. मग उरलेल्या फरकातली सगळ्यांत मोठी दुसरी, मग तिसरी. आता कुठलीही मूर्ती एवढ्यात सांगून होते: सरासरी मूर्ती, अधिक पहिली तऱ्हा इतकी, दुसरी इतकी, तिसरी इतकी. हजार आकड्यांचं काम पाच-सहा आकड्यांत आटोपतं, आणि मूर्ती ओळखू येते.

हजार बिंदूंसाठी हे करणं आधीपासून माहीत होतं. कोसंबींनी ते रेघेसाठी केलं, जिच्यावर बिंदू अनंत असतात. अनिश्चितपणे हलणाऱ्या रेघेलाही तिच्या स्वतःच्या तऱ्हांमध्ये फोडता येतं, आणि प्रत्येक तऱ्हेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी गुंतलेला नसतो. आणि ठरावीक संख्येच्या आकड्यांत मूळ रेघेच्या जास्तीत जास्त जवळ जायचं असेल, तर सरासरीच्या हिशोबात याहून चांगली फोड मिळत नाही.

इथे सिग्नलवाल्यांचे डोळे चमकतात. कारण खऱ्या सिग्नलचा जोर थोड्याच तऱ्हांमध्ये एकवटलेला असतो, तर साधा खरखरता नॉईज सगळ्या तऱ्हांमध्ये सारखा पसरलेला असतो. पहिल्या काही तऱ्हा ठेवा, बाकीच्या टाका, बराचसा नॉईज आपोआप गेला. समुद्रावर नेमकं उलट करावं लागतं. तिथे लाटांचा गोंधळच मोठा आणि ठरावीक तऱ्हांचा असतो. त्या तऱ्हा कापून टाका, आणि जे उरतं त्यात होडी शोधा.

हा पेपर लिहिला जात होता तेव्हा महायुद्ध चालू होतं आणि कोसंबींच्या जुन्या गावात, म्हणजे अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये, याच विषयावर पैशाचा पूर आला होता.

सप्टेंबर १९४० मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांचं एक पथक पेटीतून कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन घेऊन अमेरिकेला आलं. तळहातावर मावेल एवढ्या या वस्तूमुळे दहा सेंटीमीटर लांबीच्या लहरी प्रचंड ताकदीने सोडता येत होत्या, म्हणजे रडार छोटं करून विमानात बसवता येणार होतं. (घरच्या मायक्रोवेव्हमध्ये जो मॅग्नेट्रॉन असतो तो याचाच वंशज.) त्यानंतर जे झालं ते आजच्या कुठल्याही स्टार्टअपला लाजवेल. बेल लॅब्सने काही आठवड्यांत त्याच्या प्रती बनवल्या. रेथिऑन तेव्हा छोटी कंपनी होती, तिने मॅग्नेट्रॉन ढिगाने बनवायची युक्ती काढली. एमआयटीत रेडिएशन लॅबोरेटरी उघडली, जिथे पुढे सुमारे चार हजार माणसं काम करू लागली. त्यांनी एससीआर-५८४ नावाचं तोफांना नेम देणारं रडार आखलं. जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाऊस यांनी ते बनवलं, मोटारी बनवणाऱ्या क्रायस्लरने अँटेना फिरवणारा भाग. त्याला जोडायला, विमान पुढच्या क्षणी कुठे असेल त्याचं गणित करणारं यंत्र बेल लॅब्सने दिलं. १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मनीचे व्ही-१ उडते बॉम्ब लंडनकडे येऊ लागले तेव्हा इंग्लंडच्या किनाऱ्यावर ही सगळी साखळी त्यांना पाडत होती. एकमेकींच्या स्पर्धक कंपन्या, एक विद्यापीठ आणि सरकार यांनी मिळून कोऱ्या कागदापासून चार वर्षांत हे उभं केलं. आमच्या सोळा आठवड्यांच्या मुदतीवर मी कुरकुर करायचो, ती हे वाचल्यावर जरा कमी झाली.

वीनर या गर्दीत होते. जूलियन बिगेलो या इंजिनिअरबरोबर ते शत्रूच्या विमानाचा पुढचा ठावठिकाणा वर्तवायचं गणित करत होते. १९४२ मध्ये त्यांनी लिहिलेला अहवाल गुप्त ठेवला गेला. त्याचं वेष्टन पिवळं आणि आतलं गणित इतकं अवघड की इंजिनिअर लोक त्याला चेष्टेने पिवळं संकट म्हणत. त्यांचं यंत्र लढाईत गेलं नाही, बेल लॅब्सचं सोपं यंत्र गेलं. पण गणित टिकलं. १९४९ मध्ये तो अहवाल खुला छापला गेला आणि सिग्नल प्रोसेसिंगचा पाया ठरला.

आता पुण्याकडे बघा. कंपनी नाही, लॅब नाही, सहकारी नाही. कॉलेजात वर्ग घ्यायचे, घरी येऊन नाणी तोलायची आणि मधल्या वेळात हे गणित. पेपर छापला भारतातल्या जर्नलमध्ये, ऐन युद्धात. परदेशात तो फारसा कोणी वाचला नाही.

त्याच सुमाराला आणखी दोन माणसं स्वतंत्रपणे तिथेच पोचत होती. मिशेल लोएव्ह पॅरिसमध्ये शिकलेले ज्यू गणिती, जर्मन ताब्यातल्या फ्रान्समध्ये त्यांना द्रान्सीच्या छावणीत डांबलं गेलं होतं. ते वाचले. त्यांचं काम युद्ध संपतानाच्या आणि नंतरच्या वर्षांत बाहेर आलं. कारी कारहुनेन फिनलंडचे, त्यांचे निबंध १९४६-४७ चे. दोघांनी विषय कोसंबींपेक्षा पुढे नेला आणि जास्त काटेकोर मांडला, हे मान्य करायला हवं. उगाच 'आपल्या माणसाचं चोरलं' अशी ओरड करण्यात अर्थ नाही, कुणी काही चोरलं नाही. पण पेपर आधी कोसंबींचा आला हेही खरं, आणि पाठ्यपुस्तकांत नावं दोनच राहिली.

स्वतः कोसंबीही त्या पेपरमागे लागले नाहीत. लगेच १९४४ मध्ये त्यांनी जनुकशास्त्रात एक सूत्र दिलं. गुणसूत्रावर दोन जनुकं किती अंतरावर आहेत ते काढायचं. 'कोसंबी मॅपिंग फंक्शन' या नावाने भात-गव्हाच्या वाणांवर काम करणाऱ्या संशोधकांच्या सॉफ्टवेअरमध्ये आजही तो पर्याय असतो. मग संस्कृत. मग इतिहास. एक दार उघडायचं, आत डोकावून महत्त्वाचं काहीतरी ठेवायचं आणि पुढच्या दाराकडे जायचं, अशी त्यांची तऱ्हा. मला विचाराल तर विस्मरणाचं निम्मं कारण युद्ध, उरलेलं निम्मं हे.

१९४५ मध्ये होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली आणि कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावलं. संस्था मुंबईत, कोसंबींचं घर पुण्यात. ते डेक्कन क्वीनने ये-जा करू लागले. ही गाडी घाट उतरून कर्जतवरून जाते, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातून. तेव्हा त्याचं नाव कुलाबा जिल्हा होतं. गाडीतला वेळ ते वाचनात घालवत आणि सुट्टीच्या दिवशी याच सह्याद्रीत पायी फिरत. लेणी, घाटवाटा, गावाबाहेरचे शेंदूर लावलेले देव, धनगरांचे रस्ते यांच्या नोंदी करत. कार्ल्याच्या लेण्यात दान देणारे व्यापारी कुठले, हे त्यांनी शिलालेखांतून शोधलं. कोकणातल्या बंदरांवरून माल घाटावर चढायचा आणि वाटेवर लेणी उभी राहायची. आमची आत्या रोह्याला असते. तिच्याकडून पुढे कुडा लेण्यांकडे जाता येतं, तीही याच व्यापाराच्या जगातली. लहानपणी तिथे सहलीला गेलो होतो तेव्हा मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

१९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर कोसंबी इंग्लंड-अमेरिकेला गेले. काम होतं नव्या गणकयंत्रांचा, म्हणजे कॉम्प्युटरचा अभ्यास. शिकागोत एक सत्र भूमिती शिकवली. प्रिन्स्टनमध्ये जवळजवळ दोन महिने होते, जॉन फॉन नॉयमान, ओपेनहायमर यांच्याशी चर्चा झाल्या. अणुबॉम्ब बनवणारी माणसं समोर बसलेली आणि हिरोशिमाला चारच वर्षं झालेली.

वीनर यांनी तोवर आपली भूमिका जाहीर केली होती. १९४६ च्या शेवटी एका मोठ्या विमान कंपनीच्या इंजिनिअरने त्यांच्याकडे युद्धकाळातल्या त्या कामाची प्रत मागितली, क्षेपणास्त्रांसाठी. वीनर यांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं असं की युद्धात गोष्ट वेगळी होती, पण आता आपलं संशोधन कुठे वापरलं जाईल याकडे शास्त्रज्ञाने डोळेझाक करू नये. ते पत्र १९४७ च्या जानेवारीत एका मासिकात छापून आलं आणि बराच गाजावाजा झाला.

कोसंबीही शांतता चळवळीत उतरले. जागतिक शांतता परिषदेच्या कामात ते होते, रशिया आणि चीनला जाऊन आले. अण्वस्त्रांना त्यांचा विरोध होताच, पण भारताने अणुऊर्जेवर एवढा पैसा ओतावा हेही त्यांना पटत नव्हतं. वर्षाचे इतके महिने लखलखीत ऊन असलेल्या देशाने सूर्याच्या ऊर्जेवर संशोधन करावं, असं ते त्या काळात मांडत होते. आज रोह्याच्या एमआयडीसीतल्या शेडवरही सोलर पॅनेल दिसतं. तेव्हा हे बोलणं विक्षिप्त वाटायचं, आणि ते बोलत होते भारताचा अणुकार्यक्रम उभारणाऱ्या माणसाच्या संस्थेत बसून.

भाभांशी संबंध बिघडत गेले. त्यात कोसंबींनी स्वतः भर घातली. गणितातला सगळ्यांत प्रसिद्ध न सुटलेला प्रश्न म्हणजे रीमान गृहीतक. त्यावर आपल्याला वाट सापडली असं त्यांना वाटलं, आणि १९५९ मध्ये त्यांनी ते कृषी संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये छापलं. सिद्धतेत चूक होती. संस्थेतल्या तरुण गणितींना हे लाजिरवाणं वाटलं. याच काळात 'एस. डुक्रे' या टोपणनावानेही त्यांनी काही पेपर छापले. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. १९४३ चा तो पेपर लिहिणाऱ्या माणसाची गणितातली नोकरी अशी संपली.

इथे मला थांबून माझ्याबद्दल दोन वाक्यं लिहावी लागतील. रडारचं काम हातात आल्यावर टीममधल्या एका मुलीने ते नको म्हणून सांगितलं. तिला दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकलं, कोणी काही बोललं नाही. मी हो म्हणालो. माझ्यासमोर वीनर यांचं पत्र नव्हतं, शेखाडी होती. १९९३ मध्ये मुंबईच्या स्फोटांतलं आरडीएक्स आमच्याच जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर बोटींतून उतरलं. २००८ मध्ये दहशतवादी समुद्रातूनच आले. त्यानंतर तटरक्षक दलासाठी किनाऱ्यावर रडारची साखळी उभी राहिली, पहिल्या टप्प्यात ४६ ठिकाणी, भारत इलेक्ट्रॉनिक्सने बसवलेली. पावसाळी समुद्रातून लहान होडी ओळखणारं रडार मला वाईट वाटत नाही. पण त्या होडीवर बहुतेक वेळा मासेमारी करणारा कोळी असतो, आणि तीच तऱ्हा-फोड करणारा कोड तोफेच्या नेमालाही जोडता येतो. माझ्या फंक्शनला पुढे काय जोडलं जाईल हे मला दिसत नाही, कारण मधे तीन कंपन्या आहेत. ती मुलगी मला भित्री वाटली होती. आता वाटत नाही.

संस्था सुटली तरी कोसंबी थांबले नाहीत. १९५६ मध्ये त्यांचं भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं पुस्तक आलं होतं, त्याने इथल्या इतिहासलेखनाचा रोख बदलला. राजांच्या याद्यांऐवजी नांगर, नाणी, जमीन, जात यांकडे लोक बघू लागले. नाणी तोलणाऱ्या माणसाने इतिहासात विज्ञान आणलं ते असं. १९६४ मध्ये त्यांना सीएसआयआरचं मानद पद मिळालं, पुण्यातल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं पुस्तक आलं. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच ते गेले. वय ५८. भाभा त्याच वर्षी जानेवारीत आल्प्समधल्या विमान अपघातात गेले होते, वीनर दोन वर्षं आधी.

कोसंबींच्या गणिताचा खरा वापर त्यांच्यानंतर झाला. १९६८ मध्ये अमेरिकेत हॅरी व्हॅन ट्रीज यांचं सिग्नल ओळखण्याच्या सिद्धांतावरचं पुस्तक निघालं. रडार आणि सोनारवर काम करणाऱ्या पिढ्या त्यावर शिकल्या, आणि त्यात केएल विस्तार हे रोजचं हत्यार आहे. नॉईज नुसता खरखरता नसून त्याला स्वतःचा आकार असेल, तर हीच फोड उपयोगी पडते. आजची विमानातली रडार खालच्या जमिनीचा प्रतिध्वनी कापून टाकतात, तिथेही कोव्हेरियन्सचा तक्ता आणि त्याच्या तऱ्हा असतात.

फोनकडे ही कल्पना जरा वळसा घेऊन आली. केएलटीत एक अडचण आहे. तऱ्हा प्रत्येक डेटासाठी नव्याने काढाव्या लागतात. पेणच्या मूर्तींच्या तऱ्हा आंब्याच्या पेट्यांना चालणार नाहीत. प्रत्येक फोटोसाठी हे करायचं तर वेळ जातो, आणि तऱ्हाही फोटोबरोबर पाठवाव्या लागतात. १९७४ मध्ये नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी एक जवळचा मार्ग दिला, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. यात तऱ्हा कायमच्या ठरलेल्या असतात, आणि नेहमीच्या फोटोंसाठी निकाल केएलटीच्या अगदी जवळ जातो. किती जवळ, हे त्यांनी केएलटीशीच तुलना करून दाखवलं. जेपीईजी त्यावर चालतं. फोटोचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन करायचे, प्रत्येकाचे ६४ आकडे तऱ्हांमध्ये फोडायचे, मोठे ठेवायचे, बारीकसारीक सोडून द्यायचे. व्हॉट्सॲपवर फोटो हलका होतो तो असा.

चेहऱ्यांचंही तसंच. १९८७ मध्ये सिरोविच आणि किर्बी यांनी माणसांच्या चेहऱ्यांवर थेट केएल विस्तार लावला. सरासरी चेहरा, अधिक काही तऱ्हा. मूर्तींचं उदाहरण मी तिथूनच उचललं आहे, फक्त पेणला आणलं. आजचे फोन चेहरा ओळखायला न्यूरल नेटवर्क वापरतात, पण चेहरा थोड्या आकड्यांत मांडायची सुरुवातीची पायरी ही होती.

२००८ मध्ये टपाल खात्याने कोसंबींचं तिकीट काढलं. अलीकडे गणिताच्या काही लेखांत आणि विकिपीडियावर त्यांचं नाव कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या आधी दिसू लागलं आहे. आमच्या कोडमध्ये फंक्शनचं नाव अजून 'केएलटी'च आहे, कारण ते तीन कंपन्यांच्या कोडमधून हाक मारलं जातं आणि बदललं तर सगळंच मोडेल. मी त्याच्या वर एका ओळीची कमेंट टाकली: कोसंबी, पुणे, १९४३. रिव्ह्यूमध्ये कोणी हरकत घेतली नाही.